दारावर कोण बसले आहे?

गेल्या दिवाळीत भाचा सुट्टीवर घरी आला, तेव्हा त्याने मला एक आमंत्रण दिले. तो पूर्वी युक्रेनमधील झापोरिझ्झिया येथे वैद्यकीय शिक्षण घेत होता. २०२२ च्या फेब्रुवारीत युद्धाला तोंड फुटल्यावर इतर मुलांसोबत रेल्वेने पश्चिम सीमा गाठून, हंगेरीमार्गे ‘ऑपरेशन गंगा’च्या विमानाने तो परतला, काही महिने शिंदखेड्याला घरी बसून राहिला आणि अखेर उरलेला अभ्यासक्रम पुरा करण्यासाठी दक्षिण रशियातील एका विद्यापीठात गेला. “मामा, तुम्ही नागासाकी पाहून आलात ना, मग आता मारियुपोल बघायला या,” तो म्हणाला. “रोस्तोव्हपासून दोनशे किलोमीटरसुद्धा नाही. नवा रस्ता झालाय. सगळं दाखवतो.”

मारियुपोल हे रशियाने २०२२ च्या युद्धात जिंकून आपल्या ताब्यात ठेवलेले युक्रेनचे बंदर. मी नाही म्हणालो. त्याला वाईट वाटले, आणि त्याचे म्हणणे चुकीचे होते असेही मला पटकन म्हणता येईना. एका बंदराच्या, कारखान्यांच्या, युद्धात होरपळलेल्या शहरात मी गेलो होतो. मग तशाच दुसऱ्या शहरात जायला माझी हरकत का, हा त्याचा प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी माझ्यावर इतरांपेक्षा थोडी अधिक आहे, कारण मी ३१ वर्षे वरणगावच्या आयुध निर्माणीत नोकरी केली. तिथे बंदुकीची काडतुसे तयार होतात. काडतुसांच्या पितळी कवचांचा वास हाताला बसतो आणि साबणाने दोनदा धुतला तरी जेवताना पहिल्या घासाला येतो, हे त्या फॅक्टरीत काम केलेल्या कोणालाही विचारावे. देशाच्या सैन्यासाठी केलेल्या त्या कामाची मला लाज नाही. परंतु ज्याच्या घरची चूल दारूगोळ्यावर पेटली, त्याने दारूगोळा पडलेल्या गावाकडे कसे पाहावे याचा विचार केला पाहिजे, असे मला निवृत्तीनंतर सतत वाटत आले आहे.

शिवाय हा प्रश्न आमच्या ओट्यापुरता राहिलेला नाही. जळगाव-धुळ्याकडची शेकडो मुले शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी अशा देशांत जात आहेत, त्यांचे आईवडील त्यांना भेटायला जात आहेत, आणि पडलेल्या इमारतींसमोर उभे राहून काढलेल्या चित्रफिती आपल्या मोबाइलवर रोज येत आहेत. युद्धाने मोडलेले शहर पाहायला जावे की नाही, या प्रश्नावर “जग पाहिले पाहिजे” आणि “दुसऱ्याच्या दुःखाचा तमाशा करू नये” अशी दोन उत्तरे सहज मिळतात. मला दोन्ही अपुरी वाटतात, कारण दोन्हींत त्या शहरातल्या माणसांचा विचारच येत नाही.

आमच्या खान्देशात कोणाकडे मयत झाली की लोक ‘दारावर’ जातात. अंगणात सतरंजी अंथरलेली असते, घरातला कर्ता पुरुष डोक्याला रुमाल गुंडाळून भिंतीला टेकून बसलेला असतो, बायका आतल्या खोलीत बसतात. येणारा येतो, नमस्काराची औपचारिकता न करता बसतो आणि घरचे जेवढे सांगतील तेवढे ऐकतो. माझी आई सांगायची, “दारवर गये का बोलनं कमी, बठनं जास्त.” उठताना ‘येतो’ म्हणायचे नाही, हा त्यातला शेवटचा नियम. या रिवाजात एक गोष्ट इतकी गृहीत धरलेली असते की तिचा उच्चारही कोणी करत नाही: दारावर बसलेला माणूस त्या घरचाच असतो. घर ज्याचे, दुःख ज्याचे, तोच सांगणारा. घरच्यांना हाकलून देऊन घर बळकावलेल्या माणसाच्या समोर त्याच सतरंजीवर जाऊन कोणी बसला, तर त्याला आपण दारावर जाणे म्हणणार नाही. बिनधास्तपणे सांगायचे, तर त्याला आपण सामील होणे म्हणू.

माझे म्हणणे एवढेच आहे, आणि ते मला नागासाकीत सुचले.

२०१८ च्या नोव्हेंबरात, मुलगा जपानमध्ये फुकुओकाला नोकरीला असताना, मी तिथून रेल्वेने नागासाकीला गेलो. डोंगरांच्या कुशीत शिरलेली अरुंद खाडी, खाडीच्या पश्चिम काठावर मित्सुबिशीची गोदी, आणि गोदीत १९०९ साली स्कॉटलंडहून आणून उभारलेली व अजून चालू असलेली राक्षसी क्रेन, हे दृश्य पाहिले की हे गाव कशावर जगते ते कळते. ‘मुसाशी’ ही जपानी आरमाराची प्रचंड युद्धनौका याच गोदीत बांधली गेली. उराकामी नदीच्या खोऱ्यात मित्सुबिशीचा पोलाद कारखाना आणि टॉर्पेडोचा कारखाना होता. पर्ल हार्बरवर टाकलेले टॉर्पेडो याच शहरात तयार झालेले होते. ९ ऑगस्ट १९४५ रोजी अमेरिकेचे विमान आधी कोकुरा या शस्त्रागाराच्या शहरावर गेले, तिथे खालचे काही दिसेना म्हणून नागासाकीकडे वळले, आणि ११ वाजून २ मिनिटांनी सुमारे २१ किलोटन क्षमतेचा प्लुटोनियमचा बॉम्ब उराकामीवर जमिनीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर फुटला. नेम मुख्य शहरावर धरलेला होता, तो काही किलोमीटर चुकला. त्यामुळे गोदी बरीचशी वाचली आणि उराकामीच्या खोऱ्यातली घरे, शाळा, वैद्यकीय महाविद्यालय आणि पूर्व आशियातले एक मोठे कॅथलिक चर्च नाहीसे झाले. वर्षाअखेरपर्यंत ७० हजारांहून अधिक माणसे मेली.

कारखान्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला या तपशिलातून एक गोष्ट फार जवळून कळते. नकाशावर कारखाना हा एक ठिपका असतो; प्रत्यक्षात कारखान्याभोवती वसाहत असते, वसाहतीत शाळा असते, फाटकाबाहेर चहाची टपरी असते. नागासाकीच्या टॉर्पेडो कारखान्यात त्या वर्षी शाळकरी मुले-मुलीसुद्धा कामाला लावलेली होती. आमच्या वसाहतीतून दुपारची पाळी सुटताना सायकलींची जी रांग निघायची, ती मला तिथे राहून राहून आठवत होती.

बॉम्ब फुटला त्या जागेच्या खाली आता बाग आहे. तिथे ओढ्याच्या काठाशी जमिनीचा एक थर काचेआड जपून ठेवलेला आहे: कौलांचे तुकडे, विटा, वितळलेली काच, भांड्यांची कपची. १९४५ ची जमीन तेवढी खोल गेली आहे आणि वर नवे शहर चालत आहे. त्या काचेसमोर एक जपानी आजोबा शाळेच्या मुलांना काही सांगत होते. माझ्या मुलाने भाषांतर करून सांगितले की बॉम्ब पडला तेव्हा ते ६ वर्षांचे होते. त्यांनी हात लांब करून डोंगराच्या पलीकडची बाजू दाखवली; तिथे त्यांचे घर होते म्हणून ते वाचले. मुले एकही शब्द न बोलता ऐकत होती. थोड्या अंतरावर शांतता उद्यानात एक कारंजे आहे, तिथल्या दगडावर त्या वेळी ९ वर्षांच्या असलेल्या मुलीची आठवण कोरलेली आहे: तहान सोसवेना, पाण्यावर तेलासारखे काहीतरी तरंगत होते, तरी तिने ते पाणी पिऊन घेतले. जाणाऱ्याच्या तोंडात पाणी घालणे हे आपल्याकडे शेवटचे कर्तव्य मानतात. त्या गावात हजारो माणसे पाणी मागत मेली, म्हणून त्यांनी स्मारक म्हणून पाणी उभे केले. मी तिथे किती वेळ बसलो ते आठवत नाही.

ते आजोबा त्या घरचे होते. सांगण्याचा अधिकार त्यांचा होता आणि ते आपल्या मनाने सांगत होते, यामुळे माझे तिथे बसणे योग्य ठरले.

मात्र घरचा माणूस सांगतो म्हणजे तो सगळे सांगतोच असे नाही, हेही मला नागासाकीतच दिसले, आणि ते लपवले तर माझा युक्तिवाद लंगडा पडेल. सुमियोशी भागात डोंगर पोखरून काढलेल्या बोगद्यांत टॉर्पेडोचे भाग बनवले जात. ते बोगदे कोरियातून आणलेल्या मजुरांनी खोदले होते. खाडीबाहेरच्या हाशिमा बेटावर समुद्राखालच्या कोळशाच्या खाणी होत्या, आणि तिथेही कोरियन व चिनी मजूर सक्तीने राबवले गेले. २०१५ मध्ये ते बेट जागतिक वारसा यादीत गेले तेव्हा हा इतिहास सांगण्याचे आश्वासन जपानने दिले होते. २०२१ मध्ये वारसा समितीने ते पुरेसे पाळले गेले नाही म्हणून तीव्र खेद नोंदवला. मी ज्या बोटीने बेटावर गेलो, तिच्यावर माहिती सांगणाऱ्या बाईंनी १९१६ च्या काँक्रीटच्या चाळीबद्दल पुष्कळ सांगितले, मजुरांबद्दल चकार शब्द काढला नाही. माझ्या मुलाने विचारले. त्या क्षणभर गप्प झाल्या आणि मग, हो, ते लोकही होते, असे म्हणाल्या.

तो प्रश्न विचारता आला, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. प्रश्नाने त्या बाई अवघडल्या, पण त्यांचे काही बिघडले नाही. बॉम्बच्या जागेजवळ कोरियन मृतांसाठी एक लहानसा दगड उभा आहे, तो १९७९ मध्ये नागासाकीच्याच नागरिकांनी उभारला. उद्यानात जुन्या तुरुंगाच्या भिंतींचा पाया उघडा ठेवलेला आहे. त्या तुरुंगातले कोणीही वाचले नाही आणि त्यांत चिनी आणि कोरियन कैदी होते, हे तिथल्या लोकांनी शोधून काढून लिहून ठेवले आहे. उलट उराकामीच्या चर्चचे उरलेसुरले अवशेष जपावेत असे अनेकांचे म्हणणे असतानाही १९५८ मध्ये ते काढून टाकले गेले, आणि आजही नागासाकीचे लोक त्याबद्दल हळहळ व्यक्त करतात. म्हणजे त्या घरात भांडण आहे, झाकपाक आहे, आणि झाकलेले उघडे करणारी घरचीच माणसेही आहेत. अशा दारावर आपण जावे, बसावे आणि योग्य वेळी विचारावेही.

आता मारियुपोलकडे येतो.

अझोव्ह समुद्राच्या काठी, काल्मियुस नदीच्या मुखाशी वसलेले हे गावही गोदीचे आणि पोलादाचे. १९३० च्या दशकात उभा राहिलेला अझोवस्ताल आणि त्याहून जुना इलिच, हे दोन अवाढव्य पोलाद कारखाने आणि बंदर यांच्या जिवावर सुमारे सव्वाचार लाख माणसे तिथे राहत होती. सोव्हिएत काळात, १९४८ ते १९८९, या शहराला झ्दानोव्ह असे नाव होते. म्हणजे नाव बदलून पाहण्याचा प्रयोग त्याच्यावर पूर्वीही झालेला आहे. २०२२ च्या फेब्रुवारीअखेर रशियन सैन्याने वेढा घातला. पाणी, वीज, औषधे बंद झाली. माणसे बर्फ वितळवून प्यायली. ९ मार्चला प्रसूतिगृहावर बॉम्ब पडला. १६ मार्चला नाट्यगृहावर पडला, जिथे शेकडो कुटुंबे आश्रयाला होती आणि वैमानिकाला वरून दिसावे म्हणून बाहेरच्या जमिनीवर दोन्ही बाजूंना रशियन भाषेत ‘मुले’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले होते. तिथे किती मेले यावर एकवाक्यता नाही: शहराच्या अधिकाऱ्यांनी सुमारे ३०० म्हटले, असोसिएटेड प्रेसच्या तपासात हा आकडा ६०० च्या आसपास आला. हा स्फोट युक्रेनच्याच अझोव्ह पथकाने घडवला असे रशिया म्हणतो. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने तपास करून तो रशियन हवाई हल्ला आणि युद्धगुन्हा असल्याचा निष्कर्ष काढला. अझोवस्तालच्या तळघरांत अडकलेल्या शेवटच्या सैनिकांनी मेच्या मध्यास शस्त्रे ठेवली. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाच्या अंदाजाप्रमाणे शहरातल्या ९० टक्क्यांपर्यंत निवासी इमारती उद्ध्वस्त झाल्या किंवा त्यांचे नुकसान झाले आणि सुमारे साडेतीन लाख माणसांना शहर सोडावे लागले.

या शहरात आज नव्या इमारती आहेत, भाच्याने सांगितला तो रस्ताही आहे. नाट्यगृहाचा मोडलेला भाग तपास होण्याआधीच, उंच पडदे उभारून त्यांच्या आड पाडण्यात आला. मुख्य रस्त्याचे ‘शांतता’ हे नाव जाऊन तिथे लेनिनचे नाव परत आले. जे जीव घेऊन पळाले त्यांच्या सदनिका ‘बेवारस’ ठरवून ताब्यात घेतल्या जात आहेत. आपले घर आहे हे सिद्ध करायला माणसाने रशियन पारपत्र घेऊन स्वतः हजर व्हावे लागते. मेलेल्याच्या घरी आपण जातो तेव्हा निदान घराचा उतारा त्यांच्या नावावर असतो. इथे सातबाराच बदलला जात आहे, आणि ज्याच्या नावावर तो चढत आहे तोच दारावर बसून पाहुण्यांना ‘या’ म्हणत आहे.

भाच्याने यावर जे आक्षेप घेतले ते मला महत्त्वाचे वाटतात. तो म्हणाला की तिथे अजूनही माणसे राहतात, म्हातारी माणसे, ज्यांना कुठे जाता आले नाही. त्यांची दुकाने चालली तर त्यांच्या घरात दोन घास जातील. दुसरे, कोणीतरी डोळ्यांनी पाहिले नाही तर जग विसरेल. तिसरे, नागासाकीलाही बॉम्ब टाकणाऱ्या देशाचे सैन्य येऊन बसलेच होते.

तिसऱ्याचे उत्तर सर्वांत सोपे आहे. अमेरिकी ताब्याच्या वर्षांत बॉम्बविषयीच्या लिखाणावर नियंत्रण होते, हे खरे आहे. १९४६ साली मला कोणी नागासाकीला बोलावले असते, तर हाच नकार मी तेव्हाही दिला असता. शहर कायमचे त्याज्य होत नाही. घरची माणसे परत येऊन बसेपर्यंत थांबावे लागते.

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर देताना मला त्याला एक नाव सांगावे लागले. मारिया पोनोमारेन्को ही सायबेरियातली रशियन पत्रकार. मारियुपोलच्या नाट्यगृहावर रशियाने बॉम्ब टाकला असे तिने समाजमाध्यमावर लिहिले, आणि २०२३ च्या फेब्रुवारीत तिला ६ वर्षांची शिक्षा झाली. सैन्याविषयी ‘खोटी माहिती’ पसरवण्याबद्दलच्या ज्या कायद्याखाली हे झाले, तो युद्ध सुरू झाल्यावर सुमारे आठवड्याभरात आलेला आहे आणि त्यात १५ वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. म्हणजे मी मारियुपोलला गेलो आणि एखाद्या म्हातारीला, आजी, इथे काय झाले, असे विचारले, तर तिच्यापुढे दोनच मार्ग राहतात: खोटे बोलणे किंवा तुरुंगाचा धोका पत्करणे. नागासाकीत माझ्या मुलाच्या प्रश्नाने एक बाई क्षणभर गप्प झाल्या. मारियुपोलमध्ये त्याच प्रश्नाने कोणाचे तरी आयुष्य जाईल. जिथे ऐकणे शक्य नाही तिथे नुसत्या डोळ्यांनी पाहिलेल्या नव्या रंगाच्या भिंतींना साक्ष म्हणता येत नाही. उलट तिथून निघताना काढलेले माझे छायाचित्र, परदेशी पाहुणे येतात, सगळे सुरळीत आहे, एवढेच सांगायला वापरले जाईल. याशिवाय रशियाच्या बाजूने त्या प्रदेशात शिरणे युक्रेनच्या कायद्याप्रमाणे बेकायदा आहे, तो भाग वेगळा.

पहिल्या आक्षेपाशी मात्र मी अजून झगडतो आहे. मागे राहिलेल्या म्हातारीचा काय दोष? तिच्या दुकानातून मी पाव घेतला तर तिला मदतच होईल. पण माझ्या तिकिटाचे, मुक्कामाचे, परवान्याचे पैसे तिच्याकडे जाणार नाहीत, आणि ज्या शेजारणीची खोली ‘बेवारस’ ठरवून पाहुण्यांना भाड्याने दिली असेल, तिच्या पलंगावर मी झोपेन, याची मला भीती वाटते. या दोहोंत मला दुसरे अधिक जड वाटते. कोणाला उलट वाटले तर त्याचे म्हणणे मी ऐकून घेईन.

आपल्या सरकारने १२ ऑक्टोबर २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत, युक्रेनचे प्रदेश जोडून घेण्याचा निषेध करणाऱ्या ठरावावर तटस्थ राहणे पसंत केले. देशाला तेल हवे, खत हवे, शस्त्रांचे सुटे भाग हवेत. कापसाला खताची गोणी वेळेवर मिळाली नाही तर काय होते हे आमच्या तालुक्यात कोणाला सांगायला नको. सरकारच्या अडचणी मला समजतात. पण नागरिकाने तटस्थ राहण्याची सक्ती त्यातून येत नाही, आणि आपण कुठे सहलीला जातो हा अगदी आपल्या हातातला निर्णय आहे.

शेवटी भाच्याने विचारले की मग जायचे कुठे, आणि तेव्हा मला नंदुरबार आठवले. सरदार सरोवराच्या पाण्याखाली अक्कलकुवा आणि धडगाव भागातली ३३ गावे आली. कोणी मणिबेलीच्या पाण्याकडे पाहून परत आला, तर तो पाणी पाहून आला. मणिबेलीविषयी ज्याला कळून घ्यायचे असेल, त्याने तळोद्याकडच्या पुनर्वसन वसाहतीत जाऊन ओसरीवर बसावे लागते, कारण गाव जिथे होते तिथे आता सांगणारे कोणी नाही, आणि जिथे सांगणारे आहेत तिथेच गावाचे दार आहे.

झापोरिझ्झियातल्या भाच्याच्या घरमालकीणबाईंची बहीण मारियुपोलची. २०१९ च्या उन्हाळ्यात त्या दोघी त्याला तिथे घेऊन गेल्या होत्या. शिंदखेड्याच्या पोराने आयुष्यात पाहिलेला तो पहिला समुद्र; अझोव्ह हा जगातला सर्वांत उथळ समुद्र, कितीही आत चालत गेले तरी पाणी गुडघ्याला, याचे त्याला केवढे नवल वाटले होते. त्याच्या जुन्या मोबाइलमध्ये त्या दिवसाचे ११ फोटो आहेत: गुडघाभर पाण्यात उभी असलेली बहीण, तिचा नवरा, दोन मुले, टरबुजाच्या फोडी, आणि मागे अझोवस्तालच्या धुराड्यांचा धूर. ते कुटुंब आता पोलंडमध्ये व्रोत्स्वाफ येथे भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. नवरा त्यांच्यासोबत नाही. घर जळाले तेव्हा घरातले सगळे फोटोही गेले.

भाऊबीज झाल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे दोंडाईच्याला गेलो आणि स्टुडिओत त्या ११ फोटोंच्या मोठ्या प्रती काढून घेतल्या. व्हिसा मिळाला तर जूनमध्ये व्रोत्स्वाफला जाऊ. स्टुडिओवाल्याने धुराड्यांचा धूर काढून आकाश निळे करून देऊ का, असे विचारले होते. भाचा म्हणाला, राहू द्या, तसेच ठेवा.